एक्केचाळीस कोरे रकाने

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फ्रीज आला. माझ्या जागेवर!

चोवीस वर्षं जिथे माझं फायलींचं कपाट उभं होतं, तिथे आता हा पांढरा ठोकळा घुरघुरतोय. कपाट गेलं संडासाच्या दाराशेजारी. डॉ. हॅल्वर्सन म्हणाले, "व्हर्ना, लशींवर तुमची नजर हवी, म्हणून मुद्दाम तुमच्याजवळ ठेवला." मुद्दाम! माझ्या मागच्या भिंतीला प्लग आहे म्हणून ठेवला, हे न कळायला मी काय काल आले?

दाढा उपटायच्या दवाखान्यात आता फ्लूची लस टोचणार. दातांच्या डॉक्टरला कायद्याने परवानगी आहे म्हणे, आपल्या राज्यात तर केव्हाचीच. परवानगी तर घोड्यावर बसून चर्चला जायचीही आहे. म्हणून कोणी जातं का?

म्हाताऱ्या डॉ. ऑर्डवेंनी हे ऐकलं असतं तर हसून कवळी पडली असती. पण त्यांनी तीन वर्षांपूर्वी दवाखाना विकला – खुर्च्या, एक्स-रेचं मशीन आणि मी, सगळं एकाच कागदावर. तेव्हापासून नवे मालक डॉ. हॅल्वर्सन रोज काहीतरी नवं काढतात. आधी दात पांढरे करायचा दिवा, मग घोरणं थांबवायची पट्टी, आता ही लस.

सहा खोकी आली. प्रत्येकात दहा सुया, औषध आधीच भरलेलं. चार खोकी ४१७ नंबरच्या बॅचची, दोन ५२२ ची. मीच लावली फ्रीजमध्ये, जिथे बसतील तशी. दिवसातून दोनदा काटा बघून तापमान लिहायचं. हेही माझ्याकडेच.

सोळा महिने, व्हर्ना. सोळा महिन्यांनी पासष्ट पूर्ण, सरकारी विमा लागू. मग घुरघुरू दे त्याला. तोवर इथला विमा सुटला तर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन काय माझा भाऊ वेंडेल करणार?

७ ऑक्टोबर, मंगळवार

पिवळा कागद तयार केला. स्वतः, घरी बसून, पट्टीने रेघा मारून. नाव, जन्मतारीख, कोणत्या दंडात टोचली, बॅच नंबर, मुदत, माहितीपत्रक दिलं का, टोचणाऱ्याची सही. राज्याच्या लसनोंदणीत जे जे भरावं लागतं ते सगळं एका पानावर. पिवळा अशासाठी की तोंडाच्या पांढऱ्या कागदांत हरवू नये.

मार्नीला दिला. मार्नी स्टूबर म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची बाई. चाळिशीची, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. खुर्चीशेजारी उभं राहणं, हत्यारं देणं, ती वाफेच्या मशीनमध्ये निर्जंतुक करणं हे तिचं काम. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा पहिला आठवडा मीच शिकवलं तिला. मशीनला काय लावायचं, कुठे काय लिहायचं, सगळं. तेव्हा कशी मान डोलवायची!

आता कागद पाहून म्हणते, "बाई गं! एवढं सगळं? भूल द्यायच्या सुईचा बॅच नंबर आपण कधी लिहिलाय का?"

"ही भूल नाही, लस आहे."

"सुई ती सुईच. डॉक्टरांनी टोचली, मी लिहिलं 'अर्धा मिली, त्रास नाही', संपलं."

संपलं म्हणे. तिचं संपतं तिथे माझं सुरू होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला दिवस. अकरा जणांना टोचलं. पिवळे कागद नीट भरलेले – चार. बाकी सातांवर "अर्धा मिली, त्रास नाही". त्रास नाही! मला विचारा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी तीन तास फोनवर होते आणि माझ्या आयुष्यातले ते तीन तास मला कोणी परत देणार नाही.

पहिली कंपनी दातांच्या विम्याची. मिसेस ओगल्स्बींचं बिल परत आलं होतं.

"बाई, फॉर्मवर दाताचा नंबर नाही."

"लस दंडात दिली."

"बरं. मग दाताचा नंबर काय लिहू?"

"दंडाला दात नसतात हो!"

"मला समजतंय तुमचं. पण रकाना रिकामा राहिला तर संगणक पुढे जात नाही."

मग दुसरी कंपनी, तब्येतीच्या विम्याची. त्या पोराने किती गोड आवाजात सांगितलं, "तुमचे डॉक्टर तर दातांचे आहेत. दंड आमच्याकडे येतो, पण दातांचे डॉक्टर आमच्याकडे येत नाहीत."

म्हणजे दंड यांचा, डॉक्टर त्यांचा, आणि सुई मात्र कोणाचीच नाही.

शेवटी काय केलं? 'तोंडाचा कोणता भाग' या रकान्यात जो 'संपूर्ण तोंड' म्हणून आकडा असतो तो टाकला. दुपारी बिल मंजूर! कागदोपत्री मिसेस ओगल्स्बींना फ्लूची लस अख्ख्या तोंडात दिलेली आहे. आणि मिळणार किती? दात कोरून पोट भरतं का कधी! हे मी दातांच्या दवाखान्यात बसून लिहितेय.

डॉक्टरांना सांगितलं. ते खूश. "व्हर्ना, तुम्ही म्हणजे जादूगार आहात. बाकीची पण तशीच टाका."

टाकली. खोटं आहे खरं, पण याने कोणाचं काही बिघडत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वेंडेलला आणलं. फरफटत म्हणायला हवं.

माझा भाऊ एकाहत्तर वर्षांचा आहे, एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत भुसा छातीत भरून घेतलाय, नाकात ऑक्सिजनची नळी आहे आणि घाबरतो कशाला? सुईला! गाडीतच म्हणाला, "अगं, मला फ्लू होणार कसा? मी कोणाला भेटतो तरी का?"

"मी भेटते ना तुला. दर रविवारी. मी आणीन फ्लू."

"मग तू येऊ नकोस."

असलं विनोदी उत्तर दिलं की त्याला वाटतं सुटलो. सोडते कसली! दोन नंबरच्या खुर्चीत बसवला. डॉक्टर सुई घेऊन आले तसा पांढराफटक. ओठ निळे. मी म्हटलं, "वेंडेल, लाज बाळग." तर मार्नीने काय करावं – तिने खाली गुडघ्यांवर बसून त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "गिरणीत सगळ्यात मोठं झाड कोणतं कापलंत तुम्ही?" हा सांगत बसला. कुठलासा पाइन वृक्ष, सहा माणसांच्या कवेत न मावणारा. सुई कधी गेली नि कधी आली त्याला कळलंही नाही. वर तिने त्याच्या शर्टावर दात घासणाऱ्या अस्वलाचं चित्र चिकटवलं, लहान मुलांना देतात ते.

परत जाताना गाडीत अस्वल कुरवाळत म्हणतो, "ती बाई चांगली आहे. तू तिच्यावर का डाफरतेस?"

डाफरू नको तर काय करू? पिवळा कागद पाहिला. माझ्या सख्ख्या भावाचा कागद! बॅच नंबरचा रकाना कोरा. हात धरायला वेळ होता, पाच आकडी नाही, तीन आकडी नंबर लिहायला नव्हता.

२२ ऑक्टोबर, बुधवार

भांडण झालं. होणारच होतं.

मी सगळे कोरे कागद घेऊन मागच्या खोलीत गेले. एरवी मी तिकडे पाय ठेवत नाही, त्या मशीनच्या वाफेने माझं डोकं चढतं. मार्नी हत्यारं पिशव्यांत भरत होती. मी कागद तिच्यासमोर आपटले.

"हे काय आहे?"

"लेबलं मी ठेवते, व्हर्ना. प्रत्येक सुईचं. सोलून चिकटवते, तारीख घालून –"

"चिकटवते! कागदावर कुठे आहे? कागद पिवळा आहे, मार्नी. आंधळ्यालाही दिसेल."

"तुम्ही ऐकून तर घ्या ना. आपण जसं सगळं –"

"मला ऐकायचं नाहीये, मला वाचायचंय. रकान्यात. शाळेच्या स्वयंपाकघरात चालत असेल अंदाजपंचे, इथे नाही चालत."

तिचे कान लाल. मग हळूच म्हणाली, "तिथे तीनशे मुलं जेवायची. एकाला कधी काही झालं नाही."

मी बाहेर आले. नाकाला मिरच्या झोंबल्या बाईसाहेबांच्या. झोंबू देत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साठच्या साठ सुया संपल्या. गावातले लोक दात दाखवायला येत नाहीत, पण दंड दाखवायला रांग! डॉक्टर हवेत आहेत.

मी जमिनीवर बसून कागद मोजले. अक्षरशः जमिनीवर, दुखरा गुडघा सरळ करून. साठपैकी एकोणीस पूर्ण. एक्केचाळीस रकाने कोरे. राज्याच्या नोंदणीत बॅच नंबराशिवाय पान पुढे जातच नाही, म्हणजे हे एक्केचाळीस जण सरकारदरबारी अजून बिनलशीचे. बिलं मात्र गेलीत. अख्ख्या तोंडाची!

डॉक्टरांना सांगितलं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "दोघी मिळून बघून घ्या ना."

दोघी मिळून! मी लेखी तक्रार टाइप केली. दीड पान. तारखांसकट. सही केली, त्यांच्या टेबलावर ठेवली, वर त्यांचा कॉफीचा मग ठेवला म्हणजे उडणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मार्नीला काढलं.

चार मिनिटांत. दार बंद झालं, दार उघडलं, झालं. मला वाटलं होतं डॉक्टर समज देतील. ताकीद. पण नवे मालक म्हटलं की आयता कागद हातात पडायचा अवकाश. तिचा पगारही वाचला, आता रोजंदारीवर कोणीतरी येईल.

खणातलं सामान पिशवीत भरून ती माझ्या टेबलापाशी थांबली. कॉफीचा मग, रुमाल, अस्वलांच्या चित्रांची गुंडाळी. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, व्हर्ना," म्हणाली. "सगळं जिथे असतं तिथेच आहे."

काय हा तोरा! जाता जाता सुद्धा. मी म्हटलं, "दार हळू लाव, काच सैल आहे."

दार खरंच हळू लावलं तिने.

मला वाईट वाटतंय का? नाही. थोडं. नाही.

१ डिसेंबर, सोमवार

लस बनवणाऱ्या कंपनीचं पत्र. बॅच ५२२ कमजोर निघाली. अपाय काही नाही, पण फ्लूपासून बचावही जवळजवळ नाही. ज्यांना दिली त्यांना शोधून, बोलावून, पुन्हा टोचा. पत्रात 'शोधून'खाली रेघ.

मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. ५२२ च्या सुया वीस आल्या. नीट भरलेल्या पिवळ्या कागदांवर ५२२ सापडते सातांवर. उरल्या तेरा. म्हणजे त्या एक्केचाळीस कोऱ्या कागदांत तेरा माणसं अशी आहेत की त्यांना पाणी टोचल्यासारखंच. कोण तेरा? देव जाणे. आणि मार्नी स्टूबर. छे, तिलाही काय माहीत असणार!

डॉक्टरांना म्हटलं, "सोपं आहे. एक्केचाळीसही जणांना फोन करते. सगळ्यांना पुन्हा टोचा."

त्यांनी दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच कळलं मला.

"व्हर्ना, काय सांगणार फोनवर? की तुम्हाला काय टोचलं ते आम्हालाच माहीत नाही?"

"हो. कारण ते खरं आहे."

"हे गाव केवढंसं! उद्या सकाळपर्यंत किराणा दुकानात चर्चा. तेरा लोकांसाठी एक्केचाळीस जणांना घाबरवायचं. परवाना मंडळ आलं, बिलं तपासली – ती तोंडाची बिलं कोणाच्या सहीची आहेत?"

मी पेन्सिल कानामागे खोचली.

"मी तुम्हाला दोष देत नाही हं. मी फक्त म्हणतोय, चाळीस सुया चांगल्या, वीस वाईट. शक्यता आपल्या बाजूची आहे. रकान्यांत ४१७ घाला. तेरा ५२२ खराब झाल्या म्हणून फेकल्या, असं लिहा. सात जणांना बोलवा, टोचू, विषय संपला." मग अगदी मायेने, खरंच मायेने, "गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ना तुमचं?"

मी कोणाकडे बोट दाखवू? आपलेच दात, आपलेच ओठ.

२ डिसेंबर, मंगळवार

भरले.

३ डिसेंबर, बुधवार

काल एका शब्दावर थांबले. आज लिहिते, नाहीतर हा कागदही कोराच राहील.

एक्केचाळीस वेळा ४१७. पहिले पाच लिहिताना हात जड होता. दहाव्यानंतर नुसतं लिहिणं. लिहायची सवय वाईट, व्हर्ना, काहीही लिहून घेते तुझ्याकडून. कागद वेगवेगळ्या दिवसांचे दिसावेत म्हणून मी तीन पेनं वापरली! कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच सुचलं. नीटनेटकी बाई ना मी.

आता कागदोपत्री चाळीस सुयांतून त्रेपन्न माणसं टोचली गेली आहेत. येशूच्या पाव नि माशांच्या चमत्कारानंतर हाच.

एकोणतिसावा कागद वेंडेलचा होता.

तिथे थांबले. कॉफी केली. प्यायले. परत आले, कागद तिथेच. त्याला बाजूला घेऊन सांगावं का – औषधाच्या दुकानात जा, पुन्हा टोचून घे? पण विचारणार, का? म्हटलं रेकॉर्ड नाही, तर म्हणणार तू तिथेच उभी होतीस ना, व्हर्ना, लाज बाळग म्हणत. आणि एकदा सांगितलं की मग इतर चाळिसांनी काय पाप केलंय? सगळ्यांना सांगावं लागेल. आणि सुईला तो दुसऱ्यांदा बसणारही नाही. अशी सगळी कारणं मी एकामागून एक ओळीने मांडली आणि प्रत्येक कारण अगदी बरोबर होतं.

तिघांत एकालाच वाईट. दोन तर चांगल्या.

४१७ लिहिलं. निळ्या पेनाने.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वेंडेलचा फोन. घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानात मिसेस ओगल्स्बी भेटल्या म्हणे, त्या सातांतल्या एक. त्यांना पुन्हा टोचलं आम्ही.

"ती सांगत होती काहीतरी बॅच फुसकी निघाली. माझी कोणती?"

आणि मी – मी लगेच म्हणाले, एक श्वासही मध्ये घेतला नाही – "४१७. चांगली. रेकॉर्डला आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग झालं तर! तू पाहिलंस म्हणजे झालं."

डोळ्यांनी पाहिलंय. खरंच पाहिलंय की! माझंच अक्षर.

"मग मी वीस तारखेला ग्रेंज हॉलमधल्या नाताळच्या गावजेवणाला जाणार," म्हणाला. "चार वर्षं गेलो नाही. ह्या वेळी लस आहे, आता काय भ्यायचं!"

मी म्हटलं, गर्दी असते, हवा कोंदट, तुझी नळी. तो म्हणाला, "अगं, तूच तर आणलंस मला फरफटत. आता तूच घाबरतेस?"

सांगायला हवं होतं. त्या क्षणी, फोनवर. सांगायला हवं होतं सांगायला हवं होतं. मी सांगितलं काय, तर मफलर घाल.

२० डिसेंबर, शनिवार

ग्रेंज हॉल. हॅम, चीजमधले बटाटे, तीन तऱ्हेची गोड पाई. दोनशे माणसं. वेंडेलने लाल मफलर घातला होता, मी दिलेला. सिलिंडर दोन पायांच्या मध्ये धरून बसला नि गिरणीतल्या जुन्या मित्रांशी त्या पाइनची गोष्ट. तेच झाड, आता आठ माणसांच्या कवेत न मावणारं.

इतका हसताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकत होतं. मी जागा बदलायला लावली. मग तिकडेही कोणीतरी.

२४ डिसेंबर, बुधवार

वेंडेल उद्या यायचा नाही. "जरा अंग दुखतंय, फार नाचलो त्या दिवशी." नाचला कुठे? बसून होता.

मी टर्कीऐवजी कोंबडीच आणली. एकटीला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

त्याला ताप. सूप घेऊन जायचं म्हणून किराणा दुकानात गेले. गल्ल्यावर मार्नी! हिरवा एप्रन, नावाची पट्टी. रांग बदलायला वेळ नव्हता.

तिने सामान पुढे सरकवत विचारलं, "वेंडेल बरे आहेत?" चमत्कारिक प्रश्न नव्हता, पण मला वाटलं सूप बघून विचारलं.

"बरा आहे."

"त्या बॅचचं ऐकलं मी. तुम्हाला यादी काढायला त्रास नाही ना पडला? लेबलं होतीच म्हणा."

टोमणा! अजून खदखदतेय. मी म्हटलं, "कोणती लेबलं? जी कुठेच नव्हती ती?"

तिचा हात थांबला. पुरा थांबला, गाजरांवर. माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिला नाही, तिने मला काढलं. "व्हर्ना," ती म्हणाली, "तुम्ही अजून पाहिलीच नाहीत?"

मागचा माणूस म्हणाला, लवकर आटपा हो बायांनो. मी पिशवी उचलली नि निघाले. गाडीत बसल्यावर कळलं, उरलेले पैसे घ्यायचे राहिले.

कुठे पाहायला हवं होतं मी?

२८ डिसेंबर, रविवार

वेंडेलला सकाळी ला ग्रँड शहरातल्या इस्पितळात नेलं. अॅम्ब्युलन्सने. फ्लू. दोन्ही फुप्फुसं.

भरती करणारी नर्स, अगदी तरुण, सगळं विचारत होती. "फ्लूची लस घेतली होती का?" मी तोंड उघडायच्या आत तिने राज्याची नोंदणी उघडली नि पडदा माझ्याकडे वळवला. "हो, आहे की. १७ ऑक्टोबर, बॅच ४१७." मग चेहरा मऊ करून, "तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. कधीकधी चांगली लसही काम करत नाही."

तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावलेला, बोलता येत नाही त्याला. तरी त्याने अंगठा वर केला. नर्सचं ऐकून. माझ्यासाठी!

तिला तेव्हा सांगितलं. सगळं नाही. एवढंच की तो आकडा खात्रीचा नाही. ती म्हणाली, आता उपचारात फरक पडत नाही, पण तुमच्या दवाखान्याला कळवा.

माझ्या दवाखान्याला.

२९ डिसेंबर, सोमवार

कोणी यायच्या आत मागच्या खोलीत गेले. वाफेच्या मशीनवरच्या फळीवर निळी वही. निर्जंतुक केलेल्या प्रत्येक पिशवीची पट्टी ज्या वहीत चिकटवतात ती. रोजंदारीच्या बाईने नवी सुरू केली म्हणून ही मागे सरकवलेली.

पट्ट्यांच्या शेजारी लशींची लेबलं. एकूण एक. साठ. तारीख, खुर्ची, नाव. १७ ऑक्टोबर, खुर्ची दोन, बॅच ५२२. शेजारी गोल अक्षरात: वेंडेल. व्हर्नाचा भाऊ. डावा दंड. फार घाबरले होते, पण शूर.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नियम लिहिलाय. चार वर्षांपूर्वीची तारीख, मार्नीचा पहिला दिवस. अक्षर माझं.

"मार्नी – रुग्णाच्या अंगाला जे जे लागेल, त्याची पट्टी ह्या वहीत. दुसरीकडे कुठेही नाही. विसरू नकोस. – व्हर्ना."